‘वापराविना पडून’ म्हणजे नेमकं काय? परळच्या गिरण्या, एक जिना आणि आपलं पालघर

माझ्या प्रबंधात एक शब्द इतक्यांदा येतो की आता तो दिसला की पेन्सिल आपोआप उचलली जाते. ‘अल्पवापरातील जमीन’. सरकारी टिपणीत कधी ती ‘विनावापर’ असते, कधी ‘पडून असलेली’. बिल्डरच्या जाहिरातीत आणि वर्तमानपत्रात ती ‘सोन्याच्या भावाची, पण धूळ खात पडलेली’ होते. आणि अशी जमीन रेल्वे स्टेशनाला लागून असेल तर तिचा ‘पुनर्विकास’ करायचा, याबद्दल सहसा कुणाचंच दुमत नसतं. मलाही तत्त्वतः नाही. स्टेशनाजवळ जास्त माणसांनी राहावं, काम करावं, गाड्या कमी वापराव्यात, हे शहाणपणाचंच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. जमीन वापरात आहे की नाही हे आपण कशावरून ठरवतो? आणि पुनर्विकास झाला असं म्हणताना हिशेबात काय धरतो, काय सोडतो?

तुम्ही मोखाडा-जव्हारकडचे असाल तर सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ तुम्हाला सांगायला नको. लागवडीला अयोग्य म्हणून बाजूला काढलेलं क्षेत्र. कागदावर ते खराब. आमच्या पोशेऱ्याकडे कुणाच्या शेतीचा अंदाज घ्यायचा तर खाचर किती आणि वरकस किती, अशी दोन्ही विचारणा होते. खाचरात भात. उतारावरच्या वरकसावर नागली, वरई, आणि मग एखाद-दोन वर्षं ‘काहीच नाही’. पण हे ‘काहीच नाही’ लांबून बघणाऱ्याला. त्या उतारावरचं गवत, पालापाचोळा, डहाळ्या आणून राब भाजायचा, त्या राबावर भाताचं रोप वाढवायचं आणि मग आवणी. म्हणजे वरकस रिकामं दिसतं त्या वर्षीही ते खालच्या खाचरासाठी राबत असतं. इंग्रजांच्या महसुली मोजणीने वरकसाला हलक्या प्रतीची जमीन ठरवलं, कारण मोजणी प्रत्येक तुकड्याची वेगळी होत होती. एका तुकड्याचं दुसऱ्याशी असलेलं नातं मोजायला त्यात रकाना नव्हता.

हा रकाना नसणं, हेच मला मुंबईत परत सापडलं. म्हणून ही पोस्ट परळबद्दल आहे, आणि शेवटी पालघरबद्दल.

गिरण्या बंद, जमीन ‘मोकळी’

थोडक्यात मागचं सांगते, माहीत असेल त्यांनी पुढे जावं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या. परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी, भायखळा या पट्ट्यात मिळून 58 गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन होती. त्यातल्या 25 गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे, म्हणजेच केंद्र सरकारकडे होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नकाशा काढून बघा. या पट्ट्यातून दोन रेल्वेमार्ग जवळजवळ खांद्याला खांदा लावून जातात. पश्चिम रेल्वेवर लोअर परळ आणि एल्फिन्स्टन रोड, मध्य रेल्वेवर करी रोड आणि परळ. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही तर एकमेकांना पुलाने जोडलेली स्टेशनं. (एल्फिन्स्टन रोडचं नाव जुलै 2018 पासून प्रभादेवी आहे. 2017 चं बोलताना मी जुनंच वापरते.) शहराच्या मध्यभागी, चार स्टेशनांच्या चालत्या अंतरावर, शेकडो एकर जमीन. जगातल्या कुठल्याही नगररचनाकाराला हेवा वाटावा असा योग.

मग तिला ‘अल्पवापरातील’ म्हणण्याचा आधार काय होता? चटईक्षेत्र. प्लॉटच्या क्षेत्रफळाला ठरावीक आकड्याने गुणायचं, मुंबई बेटावर तो 1.33 होता, आणि जेवढं येईल तेवढं बांधकाम करायची मुभा. गिरणीच्या बैठ्या शेडनी ही मुभा पुरती वापरलेली नव्हती. उरलेली मुभा म्हणजे ‘न वापरलेली’ जमीन. हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक प्लॉटचा वेगळा होतो. वरकसासारखाच.

जो हिशेब झाला नाही

गिरणी चालू असताना स्टेशनावर काय भार पडायचा, याचा विचार करा. कामगार बहुतेक जवळच्या चाळींत राहायचा आणि भोंगा झाला की चालत यायचा. पाळ्या तीन. म्हणजे माणसं बरीच, पण दिवसाच्या तीन वेळांना विभागलेली, आणि त्यातली मोठी संख्या रेल्वेच्या जिन्यावर कधी चढायचीच नाही.

गिरणीच्या जागी कार्यालयं आली की तीन गोष्टी एकदम बदलतात. माणूस आता डोंबिवली, विरार, नवी मुंबईहून येतो. तो गाडीने येतो. आणि सगळे एकाच वेळी येतात, सकाळी नऊ ते अकरा. स्टेशन तेच, जिना तोच.

चला, एक ढोबळ आकडेमोड करू. हे माझे गृहीत आकडे आहेत, कुठल्या अहवालातले नाहीत. 17 एकरांचा एक प्लॉट घ्या. 17 गुणिले 4,047, म्हणजे साधारण 68,800 चौरस मीटर. त्याला 1.33 ने गुणलं की सुमारे 91,500 चौरस मीटर बांधकाम. कार्यालयात माणशी 10 चौरस मीटर धरले तर 9,000 हून थोडी जास्त माणसं. त्यातली निम्मीच एका स्टेशनावर उतरतात असं समजू: 4,500. आता चार मीटर रुंदीचा जिना. मीटरभर रुंदीतून मिनिटाला तीसेक माणसं धक्काबुक्की न करता उतरू शकतात असं धरलं तर मिनिटाला 120. म्हणजे एका प्लॉटची माणसं उतरायला 38 मिनिटं, तीही समोरून एकही माणूस चढत नसेल तर. आणि पाऊस नसेल तर. या परिसरात असा प्लॉट एकच नव्हता.

मी काही फार अवघड गणित केलेलं नाही. शाळेतल्या कुणालाही जमेल. पण नियमावलीत हे गणित मागणारं एकही कलम मला सापडलं नाही. पार्किंगच्या जागा किती, ते मोजायचं. अग्निशमनाचा बंब वळेल एवढी मोकळी जागा, तीही मोजायची. पाण्याच्या टाक्या मोजायच्या (त्या टाक्यांतलं पाणी कुठून येतं ते तुम्हाला माहीत आहेच, मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातलंच). गेटाबाहेर पडलेला माणूस स्टेशनापर्यंत कसा पोचणार, हे कुणीच मोजायचं नाही.

29 सप्टेंबर 2017, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस आला. लोक एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर आणि जिन्यावर आडोशाला थांबले, मागून गाड्या येत राहिल्या, गाड्यांतून माणसं उतरत राहिली. चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. कामावर निघालेली, सणासुदीची फुलं घ्यायला आलेली. दुसऱ्या दिवशी दसरा होता.

तिथे रुंद पूल हवा, ही मागणी नवी नव्हती. रेल्वेने तो मंजूरही केलेला होता, सुमारे 12 कोटींचा. काम सुरू झालेलं नव्हतं. दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी नवा पादचारी पूल काही महिन्यांत उभा केला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये तो खुला झाला. पुढे मार्च 2019 मध्ये परळहून सुटणारी लोकलही सुरू झाली. म्हणजे हे होण्यासारखं होतं.

टीका कुणावर?

या दुर्घटनेवर लिहिलं गेलेलं बरंच वाचलं. बहुतेक लिखाणाचा रोख रेल्वेवर आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रेल्वेने पूल बांधला नाही, हे खरं. पण त्या पुलावर माणसं कुणी आणली? आणि ती आणताना झालेल्या नफ्यातून पुलासाठी एक रुपयाही बाजूला का ठेवला गेला नाही? माझी टीका या दुसऱ्या प्रश्नावर आहे, आणि त्यासाठी नियम 58 कडे जावं लागतं.

1991 च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीतला हा नियम गिरण्यांच्या जमिनीबद्दल होता. मूळ कल्पना अशी: गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. (जमिनीच्या आकारानुसार म्हाडा आणि मालकाचे टक्के थोडे हलायचे, महापालिकेचे 33 कायम.) नियमात एक फट होती. मालकाने जुनी बांधकामं न पाडता आतल्या आत वापर बदलला तर वाटणी करायची गरज नव्हती. काही ठिकाणी नव्वदीच्या दशकात तेच झालं. शेड तशीच, आत बोलिंग.

1996 मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्यांच्याकडे फक्त एनटीसीच्या गिरण्यांचा विचार सोपवलेला होता. तरीही त्यांनी केलेली मुख्य गोष्ट मला आजही फार महत्त्वाची वाटते: प्रत्येक गिरणीचा वेगळा विचार न करता सगळ्या जमिनी एकत्र धरून आराखडा करायचा. एकदा एकत्र धरलं की स्टेशन आपोआप मध्यभागी येतं. त्या आराखड्यात एल्फिन्स्टन रोड-परळच्या बाहेर मोठा मोकळा चौक आणि चालणाऱ्यांसाठी वाटा होत्या. म्हणजे वरकस आणि खाचर एकत्र बघणारा एक तरी अहवाल आपल्याकडे लिहिला गेला होता. तो अमलात आला नाही.

2001 मध्ये नियम 58 बदलला. आता वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. जिथे शेड उभ्या आहेत ती जमीन हिशेबातून वजा, मग ती शेड उद्या पाडायची असली तरी. गिरणीची बहुतेक जमीन शेडनीच भरलेली असते, तेव्हा वाटायला काय उरलं असेल ते बघा. इथे शब्दाची गंमत बघण्यासारखी आहे, गंमत म्हणायला जीभ धजत नाही तरी. पुनर्विकासाचं समर्थन करताना संपूर्ण गिरणी ‘वापराविना पडून’ असते. सार्वजनिक वाटा मोजायची वेळ आली की त्याच गिरणीतल्या शेडखालची जमीन ‘वापरात’ असते. एकच जमीन, दोन वेगवेगळ्या ओळींत दोन वेगवेगळ्या अवस्थेत.

याविरुद्ध जनहित याचिका झाली. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सार्वजनिक वाटा वाढेल असा अर्थ लावला. 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 2001 चा बदल कायम राहिला. पुढचं तुम्ही लोकलच्या खिडकीतून बघताच.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. 1991 चा नियम कागदावर चांगला होता पण त्याखाली फार थोडे मालक पुढे आले, हे खरं आहे. दोन तृतीयांश जमीन द्यायला कोण तयार होणार? गिरण्या आजारी होत्या, बँकांची देणी होती, कामगारांची थकलेली देणी होती. जमीन विकली गेली नाही तर ती चुकती कशी करणार, हा युक्तिवाद पोकळ नाही. एनटीसीच्या विक्रीचा पैसा कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीच्या देण्यांकडे आणि महामंडळाच्या पुनरुज्जीवनाकडे जायचा होता. पण कामगारांची देणी आणि स्टेशनाबाहेरचा चौक ही ‘एक घ्या नाहीतर दुसरं’ अशी निवड होती, हे मला कुठेच सिद्ध केलेलं दिसलं नाही. ते गृहीत धरलेलं आहे.

आकडे बघा. 2005 मध्ये एनटीसीने पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे 17 एकर, 702 कोटींना गेली. दादरची कोहिनूर मिल 421 कोटींना. एल्फिन्स्टन रोड स्टेशनाजवळची ज्युपिटर मिल 276 कोटींना आणि तिच्याच शेजारची एल्फिन्स्टन मिल सुमारे 441 कोटींना.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आता काढा. एनटीसी केंद्र सरकारची. रेल्वे केंद्र सरकारची. म्हणजे ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन मिलची जमीन आणि तिच्याजवळचं स्टेशन यांचा मालक एकच होता. एका खिशात 700 कोटींच्या वर रक्कम आली, ती इतकी आली याचं मोठं कारण दुसऱ्या खिशातलं स्टेशन. आणि त्या स्टेशनाचा 12 कोटींचा पूल बारा वर्षांनंतरही फाइलीत होता. वेगळं मंत्रालय, वेगळं अंदाजपत्रक, वेगळा शिक्का. राज्य सरकारला मुद्रांक शुल्क मिळालं, महापालिकेला मालमत्ता कर मिळतो. स्टेशनाला फक्त माणसं मिळाली.

दुसरीकडे काय करतात

‘परदेशात असं होतं बरं का’ हा सूर मला आवडत नाही, म्हणून थोडक्यातच. हाँगकाँगमध्ये मेट्रो चालवणाऱ्या कंपनीलाच स्टेशनाच्या वरच्या आणि भोवतालच्या जमिनीचे विकासहक्क दिले जातात, तेही रेल्वे येण्याआधीच्या भावाने. रेल्वेमुळे जो भाव वाढतो त्यातला मोठा वाटा परत रेल्वेकडे येतो. लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनामागची 67 एकर जमीन, जुनी कोळशाची आणि मालाची यार्डं, 2006 च्या परवानगीनंतर विकसित झाली. त्यात 26 एकर मोकळी सार्वजनिक जागा राहिली आणि रेल्वेशी संबंधित सरकारी कंपनी जमिनीत भागीदार म्हणून राहिली. नंतर 2016 मध्ये सरकारने आपला हिस्सा विकला, तेव्हा वाढलेल्या भावाचा फायदा सरकारलाही झाला. तिथली घरं साध्या लंडनकरालाही परवडत नाहीत, हाँगकाँगच्या घरांबद्दल तर बोलायलाच नको. मी नमुना म्हणून ही उदाहरणं देत नाही. एवढंच दाखवते आहे की जमीन आणि स्टेशन एका हिशेबात बसवता येतात. ते अशक्य नाही, फक्त त्यासाठी रकाना आखावा लागतो.

आपल्याकडे गिरणी कामगारांच्या घरांचं काय झालं, हेही याच हिशेबातलं. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनींवर घरं बांधून 2012 मध्ये पहिली मोठी सोडत निघाली, 6,925 घरांची. अर्ज दीड लाखांच्या आसपास होते. वाट्याला जमीनच कमी आली तर घरं कुठून येणार? अलीकडे उरलेल्या कामगारांसाठी शेलू आणि वांगणीला घरं द्यायचं ठरलं. (आपल्या जव्हारमधलं वावर-वांगणी नव्हे. मध्य रेल्वेवरची, बदलापूरच्या पुढची वांगणी.) कामगार संघटनांचा याला विरोध आहे आणि मला तो समजतो. ज्याला भोंग्यावर चालत कामावर जाता येत होतं, त्याच्या मुलाने आता वांगणीहून लोकल पकडून परळला उतरायचं. म्हणजे पुन्हा तोच जिना. पुनर्विकासाने स्टेशनाजवळ माणसं आणली म्हणतात. आणली खरी, पण दिवसापुरती. राहणारी लांब पाठवली.

आता पालघर

तुम्ही म्हणाल, मोखाड्यात रेल्वेच नाही. कसारा नाहीतर इगतपुरी गाठावं लागतं, पलीकडे पालघर-डहाणू. दिवाळीनंतर ठाणे-भिवंडी-वसईकडे कामाला निघणारी आपली माणसं सोडली तर स्टेशनाशी संबंध येतो कुणाचा? परळच्या गिरण्यांचं आपल्याला काय?

1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. मुख्यालय हवं, जागा हवी. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला दुग्धविकास विभागाची मोठी जमीन होती. सुमारे 440 हेक्टर जमीन सिडकोकडे आली. ठरलं असं की सिडकोने त्यातल्या सुमारे 103 हेक्टरांवर जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस मुख्यालय वगैरे बांधून द्यायचं आणि त्याच्या मोबदल्यात उरलेल्या 337 हेक्टरांवर नवं शहर विकसित करायचं. ऑगस्ट 2021 मध्ये मुख्यालयाचं उद्घाटन झालं. इमारती देखण्या आहेत, हे मान्य करायलाच हवं. सरकारला तिजोरीतून मोठी रक्कम न काढता मुख्यालय मिळालं, हेही.

पण या व्यवहाराची घडण बघा. जमीन ‘वापरात नाही’ असं धरलं. तिच्या एका भागातून सरकारी इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्या जमिनीचा भाव काय येणार, हे पालघर स्टेशनावर अवलंबून आहे: विरार-डहाणू चौपदरीकरण झालं की लोकल वाढतील, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय, वाढवण बंदराला 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. भाव चढणार. प्रश्न परळचाच आहे. त्या चढलेल्या भावातला किती पैसा पालघर स्टेशनाबाहेरच्या रस्त्याला, एसटी स्थानकाला, कोळगावपर्यंत चालत किंवा बसने जाणाऱ्याच्या वाटेला लागणार? लागणार असेल तर ते कुठल्या कागदावर लिहिलंय?

आपल्यासाठी हा प्रश्न परळच्या कारकुनापेक्षाही टोकाचा आहे. पोशेऱ्याहून जातपडताळणीच्या, वनहक्काच्या दाव्याच्या किंवा अपिलाच्या कामासाठी निघालेला माणूस जव्हार, विक्रमगड, मनोर करत पालघरला पोचतो तेव्हा अर्धा दिवस गेलेला असतो. त्यापुढे स्टेशन-एसटी भागातून कोळगाव गाठायचं. साहेब जेवायला गेले तर परतीची गाडी चुकणार, गाडी चुकली तर रात्र कुठे काढणार? नव्या शहराच्या नकाशात निवासी, वाणिज्य, संस्थात्मक असे रंग असतात. उशिरा झालेल्या, परगावच्या, खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे असलेल्या माणसासाठी कुठला रंग आहे, हे मी शोधते आहे.

आणि ती ‘वापरात नसलेली’ जमीन. दुग्धविकासाची म्हणजे चारा, गवत, गुरं. आजूबाजूच्या पाड्यांतली माणसं तिथून काय आणत होती, कुठून वाट काढत होती, गुरं कुठे नेत होती? सातबाऱ्यावर हे नसतं. माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की हे सिद्ध करता येणार नाही, तेव्हा प्रबंधात जपून लिही. त्यांचं बरोबर आहे. सिद्ध करायला रकाना लागतो. म्हणून सध्या मी लोकांना एवढंच विचारते की सरपण, गवत, रानभाज्या यांसाठी तुम्ही वर्षातून कुठल्या महिन्यात कुठे जायचात, आणि नकाशावर रेघा मारते. काही रेघा थेट त्या 337 हेक्टरांवरून जातात.

राहिलं कायद्याचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावर ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. हरकत घ्यायला तुमची जमीन त्या आराखड्यात असावीच लागते असं नाही. मोखाड्यातला माणूस पालघरच्या आराखड्यावर सूचना देऊ शकतो. साध्या कागदावर, मराठीत. पुढच्या पोस्टमध्ये अशा अर्जाचा नमुना देते. त्यात काय मागायचं याची यादी मी करते आहे, आणि सध्या पहिल्या ओळीत आहे: स्टेशनापासून मुख्यालयापर्यंतच्या वाटेची रुंदी, मीटरमध्ये.